कच्च्या खिम्याचे रसग्रहण

मराठीत समीक्षेला तोटा नाही. कवितेची होते, कादंबरीची होते. नाटकाची तर मध्यंतरातच, बटाटेवडा संपायच्या आत होऊन जाते. पण ज्या एकमेव लेखनप्रकारात पहिल्याच ओळीवर ठळक अक्षरांत 'साहित्य' असा मथळा छापलेला असतो, त्याच्याकडे मात्र आमच्या समीक्षकांचं अजून लक्ष गेलेलं नाही. पाककृतीत साहित्य असतं, कृती असते आणि खाली 'चार माणसांसाठी' अशी वाचकवर्गाची प्रामाणिक नोंदही असते. पुष्कळशा कवितासंग्रहांचा वाचकवर्ग तेवढाच असतो, पण कवी तसं छापत नाहीत.

ही उणीव भरून काढायची संधी मला घरबसल्या मिळाली. आमचा भाचा हॉटेलचं शिक्षण घेऊन मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात उमेदवारी करतो आणि राहतो विरारला आमच्याकडे. एका बुधवारी रात्री त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि जाहीर केलं, "मामा, रविवारी मी स्टेक टार्टार करणार. घरी. सगळ्यांसाठी."

"त्याला काय काय लागतं?" मामींनी विचारलं. या प्रश्नाचा खरा अर्थ 'मला काय काय करावं लागेल?' असा असतो.

"गॅस अजिबात लागत नाही, मामी."

मामींचा चेहरा उजळला. सिलेंडरची बचत करणारा पुरुष त्यांच्या पाहण्यात पहिलाच. गॅस का लागत नाही हे कळल्यावर तो चेहरा जसा झाला, त्याचं वर्णन करायचं तर ते वेगळ्या वाङ्मयप्रकारात करावं लागेल.

कागदावरची पाककृती दहा ओळींची होती. जनावराच्या पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग, ज्याला आपले मटणवाले अंडरकट म्हणतात, तो घ्यावा. चरबी आणि पापुद्रे काढावेत. धारदार सुरीने बारीक चिरावा. यंत्रातून काढू नये. त्यात बारीक कांदा, केपर, व्हिनेगरमध्ये मुरलेली काकडी, मोहरी, वूस्टर सॉस, मीठ, मिरी घालावी. गोल आकार द्यावा. मधोमध खळगा करून त्यात कच्च्या अंड्याचा पिवळा बलक ठेवावा. ताबडतोब वाढावे. समाप्त.

शैलीच्या दृष्टीने पाहिलं तर लेखन आटोपशीर आहे. पाल्हाळ नाही, विशेषणं नाहीत. पण मराठी वाचक शोधत राहतो तो क्रियापद. भाजा, परता, तळा, वाफवा, उकडा, खमंग फोडणी द्या, तेल सुटेपर्यंत हलवा: आमच्या पाकवाङ्मयाचा सगळा प्राण या क्रियापदांत. त्यातलं एकही इथे नाही. नायक रंगभूमीवर आला, बाकीची पात्रं जमली, सगळे नमस्कार करून उभे राहिले आणि पडदा पडला. मग नाटक कुठे झालं? तर म्हणे प्रेक्षकाच्या पोटात.

बाकीच्या पात्रांबद्दल मात्र माझी तक्रार नाही, कारण नीट पाहिलं तर ती सगळी नात्यातली निघतात. केपर म्हणजे एका काटेरी झुडपाच्या न उमललेल्या कळ्या, मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या. त्या झुडपाचा सख्खा भाऊ म्हणजे आपली वाघाटी. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला ज्या वाघाट्याच्या भाजीने सोडतात, तीच. म्हणजे एक भाऊ पंढरीच्या वाटेला लागला आणि दुसरा पॅरिसला जाऊन कच्च्या मांसात बसला. अशी उदाहरणं चांगल्या चांगल्या घराण्यांत आढळतात. वूस्टर सॉसच्या बाटलीत इतर गोष्टींबरोबर चिंच असते आणि खारवलेली बारीक मासळी असते. हे इंग्रजी नावाखाली कशाला लपवायचं? अर्नाळ्याच्या कुठल्याही म्हातारीला वास दिला तर ती डोळे मिटून सांगेल. मोहरीची ती पिवळी चटणी म्हणजे आपली फेसलेली मोहरी, नाकात जाणारी. आणि कच्चं अंडं? तालमीतल्या पैलवानांनी ते दुधातून पिऊन कित्येक पिढ्या झाल्या.

नावाबद्दल मात्र लेखकाने वाचकाची शुद्ध दिशाभूल केली आहे. टार्टार म्हटलं की डोळ्यांसमोर घोडा येतो. तातार स्वार म्हणे मांसाचा तुकडा खोगिराखाली ठेवत, दिवसभर दौड मारत आणि संध्याकाळी तो मऊ झालेला तुकडा कच्चाच खात. जाँ द ज्वँव्हील या फ्रेंच बखरकाराने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लिहून ठेवलं आणि तेव्हापासून ते खोगिराखालचं मांस कुणी बाहेर काढलेलं नाही. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की तो तुकडा स्वाराच्या जेवणासाठी नव्हताच. घोड्याची पाठ सोलवटली तर तिच्यावर लेप म्हणून होता. हे खरं असेल तर सहाशे-सातशे वर्षं युरोप घोड्याच्या औषधाला स्वाराचं जेवण समजत आला. आमच्याकडे पहिले बाजीराव घोडा चालत असतानाच ज्वारीची कणसं हातावर चोळून कच्चे दाणे खात, असं सांगतात. पण म्हणून पुण्याच्या कुठल्याही हॉटेलात 'ज्वारी बाजीराव' मिळत नाही. आमच्यात इतिहासाचा अभिमान आहे. त्याचं दरपत्रक करायची अक्कल नाही.

आता खरी हकीगत. ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच बल्लवाचार्याने १९०३ साली आपला पाककोश काढला. त्यात कच्च्या मांसावर अंड्याचा बलक असा पदार्थ आहे, पण त्याचं नाव 'अमेरिकन पद्धतीचा बीफस्टेक'. १९२१ च्या आवृत्तीत त्याचीच एक बिनबलकाची तऱ्हा आली. तिच्याबरोबर टार्टार सॉस वाढायचा, म्हणून ती 'टार्टार'. पुढे सॉस गेला, बलक परत आला आणि नाव मात्र टार्टारच राहिलं. संस्थानं विलीन झाल्यावरही ज्यांच्या दारावरची 'राजेसाहेब' ही पाटी उतरली नाही, त्यांना यात नवल वाटणार नाही.

या पदार्थावरची सर्वोत्तम समीक्षा, माझ्या मते, शब्दांत झालेलीच नाही. ती रोवन अ‍ॅटकिन्सन यांनी १९९० साली 'मिस्टर बीन'च्या दुसऱ्या भागात केली. बीनसाहेब स्वतःच्या वाढदिवसाला एकटेच भारी हॉटेलात जातात, खिशातल्या पैशांत बसेल असा पदार्थ मागवतात आणि समोर येतं ते कच्चं मांस. ते परत पाठवायची हिंमत नाही, गिळायची ताकद नाही. मग ते साखरेच्या भांड्यात, फुलदाणीत, पावाच्या पोटात, शेजारणीच्या पर्समध्ये, व्हायोलिनवाल्याच्या विजारीत असं जिथे जागा दिसेल तिथे मांस दडवत सुटतात. शेवटी कांगावा करून सुटका करून घेतात, तर हॉटेलवाले भरपाई म्हणून पुन्हा त्याच पदार्थाची नवी थाळी आणून ठेवतात. मध्यमवर्गीय माणसाची भीड इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेली नाही. पण बीनसाहेबांच्या बाजूने एक गोष्ट होती. ते मांस त्यांनी मागवलं होतं एका पक्क्या हॉटेलातून. आम्हाला ते आणायचं होतं विरारमध्ये, नेहमीच्या दुकानातून, रविवारी.

वार रविवारच का, हेही सांगायला हवं. सोमवार शंकराचा. मंगळवारी समोर डोंगरावर जीवदानी आई बसलेली. तिच्या नजरेच्या टप्प्यात हा उद्योग करायची कुणाची छाती? गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, तेही श्रावण नसेल तर. फ्रेंच पाककृतीत 'पूर्वतयारी : दहा मिनिटे' असं लिहिलेलं असतं. आमची पूर्वतयारी पंचांगापासून सुरू होते.

मांस कशाचं, हा प्रश्न कायद्याने निम्मा सोडवला होता. महाराष्ट्रात गाईला १९७६ च्या कायद्याचं संरक्षण होतंच. १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१५ साली लागू झाली आणि बैल-वळूही त्यात आले. राहिली म्हैस. पण आमच्या घरात म्हैस फक्त दुधाच्या पिशवीतून येते. तेव्हा भाच्याने बोकडाच्या मांडीवर तडजोड केली. मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. समीक्षकाने मूळ साधनं पाहायला हवीत.

आमचा मटणवाला जुना माणूस आहे. वजन करता करता त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "कोवळं आहे. किती शिट्ट्या काढणार?"

"शून्य," भाचा म्हणाला.

मटणवाल्याने सत्तूर ओंडक्यावर ठेवला. "म्हणजे भट्टीवर भाजणार?"

"नाही. कच्चंच. बारीक चिरून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही बरोबर आहात म्हणून विचारतो. घरी बरं आहे ना सगळं?"

मी थोडक्यात फ्रान्स समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं, ते मला अजून कुठल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात सापडलेलं नाही. तो म्हणाला, "मी शिजवायचं मटण विकतो. कच्चं खायचं मटण विकत नाही."

"पण मटण एकच ना?" भाचा म्हणाला.

"मटण एकच. दुकान वेगळं." त्याने हातातल्या फडक्याने सगळं दुकान दाखवलं. "हा ओंडका बघ. ह्याच्यावर फुप्फुस, कलेजी, वजडी, सगळं कापलंय सकाळपासून. सुरा तोच. हात तेच, ह्याच हातानं पैसे घेतो. पहाटेपासून लटकलंय ते उघड्यावर. मी काय लपवत नाही. हे सगळं तुमच्या मामींच्या कुकरच्या भरवशावर चाललंय, बाळा."

मला वाटतं, त्या दहा ओळींच्या पाककृतीत जी अकरावी ओळ छापायची राहिली आहे, ती हीच. फ्रेंच लेखक 'ताजं मांस' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जे असतं, ते आपल्या 'ताज्या'त नाही. तिथे जनावर कापल्यावर मांस थंड खोलीत जातं, शून्याच्या जरा वर, आणि काही दिवस मुरूनच दुकानात येतं. वाटेत त्याला ऊन माहीत नसतं. आपल्याकडे ताजं म्हणजे आत्ताच कापलेलं, हाताला अजून कोमट लागणारं. थंड पेटीतलं मांस आपण शिळं म्हणून नाक मुरडतो. कोमट मांस पाहून तो फ्रेंच माणूस पोलिसांत जाईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. भाषांतरात मात्र दोन्हीकडे एकच शब्द पडतो, 'ताजं', आणि पोट बिघडतं ते भाषांतर वाचणाऱ्याचं.

शास्त्रही मटणवाल्याच्याच बाजूचं आहे. निरोगी जनावराच्या अखंड मांसात जंतू असतात ते बहुतेक वरच्या पृष्ठभागावर. म्हणून वरचा थर काढून आतलं मांस स्वच्छ सुरीने चिरायचं, ही फ्रेंच रीत मूर्खपणाची नाही. खिमा केला की वरचं सगळं आत जातं, म्हणून यंत्राला बंदी. परजीवी किडे मात्र मांसाच्या आतही दडून असू शकतात. पुरेशा थंडीत पुरेसे दिवस गोठवलं तर जंताची अंडकं मरतात. जंतू नुसते झोपतात आणि ओट्यावर आले की जागे होतात. आतपर्यंत ७० अंश सेल्सियस उष्णता पोचू द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मामी तापमान मोजत नाहीत, शिट्ट्या मोजतात. गणित तेच.

भाच्याने हार मानली नाही. दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात थंड साखळीतलं मांस मिळतं, ते बर्फाच्या डब्यातून आणीन, म्हणाला. चर्चगेट ते विरार म्हणजे साठेक किलोमीटर. त्यातून संध्याकाळची विरार फास्ट. आता, विरार गाडीतून आलेल्या मांसाचा खिमा वेगळा करावा लागत नाही, हे खरं. अंधेरी आणि बोरिवलीच्या दरम्यान ते काम परस्पर होतं. पण पाककृतीत स्पष्ट म्हटलं आहे, यंत्रातून काढू नये.

वेळेचं हे गणित आपल्याला नवं आहे असंही नाही. भल्या पहाटे माडा-ताडांवरून उतरलेली नीरा गोड असते. उन्हं वर आली की ती आपोआप ताडी होते आणि तिचं गिऱ्हाईक बदलतं. कोळणीकडे मासे घेताना आपण कल्ले उघडून लाली पाहतो, पोट दाबून पाहतो. म्हणजे कच्च्याची परीक्षा आपल्याला येते. पण ती परीक्षा घेतल्यावरही आपण मासा शिजवतोच. पोर्तुगीज वसईत दोनशे वर्षं होते, १५३४ पासून १७३९ पर्यंत. पाव, व्हिनेगर, मिरची, काय काय ठेवून गेले. वसईच्या ख्रिस्ती घरांत इंद्यालाचा वास अजून दरवळतो. पण कच्च्या मांसाचा एकही पदार्थ मागे राहिलेला माझ्या पाहण्यात नाही. इथल्या हवेने त्यांनाही दोन शब्द सुनावले असणार.

घरी निकाल लागला तो मात्र हवेवर नाही. रविवारी भाची येणार होती. तिला पाचवा महिना. मामींना लिस्टेरिया माहीत नाही, टॉक्सोप्लाझ्मा तर त्यांनी उच्चारलाही नसता. पण पोटुशीला कच्चं मांस चालत नाही आणि त्याचा त्रास पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतो, एवढं त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

"मग ताईला नको वाढू या," भाचा म्हणाला.

"तिला नको वाढू या," मामी म्हणाल्या, "पण ओटा तोच ना? पाट तोच? सुरी पुसणार कशाला, त्याच फडक्याला? आणि तिची काकडी मी त्याच पाटावर कापणार. नाही रे बाळा. तिचं बाळंतपण होऊ दे, मग तू आणि तुझे मामा गच्चीवर जाऊन काय कच्चं खायचं ते खा."

यात माझं नाव विनाकारण आलं, पण युक्तिवाद बिनतोड होता. भाचा गप्प बसला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे वाक्य त्याला हॉटेलात कुणीतरी आधी शिकवलेलं आहे. फक्त मामींच्या तोंडून ते पहिल्यांदाच खरं वाटलं.

इथे समीक्षेतला एक जुना प्रश्न येतो, भाषांतराचा की रूपांतराचा. अत्र्यांनी 'चार्लीज आंट' मराठीत आणताना चार्लीला मराठी बोलायला लावून भागवलं नाही. त्याचा मोरू केला, तेव्हा कुठे त्याला मावशी मिळाली. १९७५ च्या 'ती फुलराणी'त पु. लं. नी लंडनच्या फुलवालीची बोली तशीच ठेवली असती, तर पहिल्या अंकात लोक चपला शोधायला लागले असते. टार्टारचंही रूपांतरच करायला हवं. मग त्यातलं काय ठेवायचं? माझ्या मते दोन गोष्टी. एक, हाताने चिरणं. दुसरी, आंबट-तिखट-खारट अशा कच्च्या, करकरीत गोष्टींनी मऊ मांसाला दिलेली टोचणी. कच्चेपणा हा या पदार्थाचा आत्मा आहे असं जे म्हणतात, त्यांनी तो बहुधा फोटोत पाहिला असावा.

हाताने चिरणं भाच्याने केलं. आमच्याकडे विळी, विळीचं तत्त्वज्ञान असं, की पातं जागचं हलत नाही, वस्तूने त्याच्याकडे जायचं. फ्रेंच सुरी वस्तूकडे येते. विळीवर खिमा होत नाही, बोटांचा होतो. म्हणून त्याने हॉटेलातल्या आपल्या दोन सुऱ्या काढल्या आणि तासभर ताल धरला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारून गेलं, कशाचा क्लास आहे. पण तो खिमा मामींनी कांदा-आलं-लसणावर परतला, चांगला शिजवला, आणि वर भाच्याने लिंबू, कच्चा कांदा आणि फेसलेली मोहरी घातली. तेव्हा समीक्षक म्हणून मला नोंद करावी लागते, की यंत्रातून निघालेला खिमा हा खिमा नसून लगदा आहे. इथे प्रत्येक दाणा वेगळा होता, दाताला उत्तर देत होता. यापूर्वी आम्ही जे खात आलो ते मांसाचं पिठलं होतं.

टोचणीची बाजू मामींनी एकटीने सांभाळली. अर्नाळ्याचा सुका जवळा त्यांनी तव्यावर कुरकुरीत भाजला, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं आणि लिंबू घातलं. सुकटाची ही कोशिंबीर आमच्या घरात शंभर वेळा झाली असेल. भाच्याने ती वाटीत दाबून ताटलीत उपडी केली, वर एक लिंबाची चकती ठेवली आणि 'टार्टार द अर्नाळा' असं नाव सांगितलं. एस्कॉफिएने याहून मोठे नामप्रमाद केलेले आहेत, तेव्हा मी हरकत घेतली नाही. भाचीने ती दोनदा मागून घेतली. डोहाळ्यात माणूस नाव विचारत नाही.

एक त्रुटी मात्र मूळ लेखनात राहतेच, आणि ती मी कुठल्याच आवृत्तीत दुरुस्त झालेली पाहिली नाही. माणशी एक पिवळा बलक घ्या, असं पाककृती सांगते. भाच्याने चिरता चिरता मोठ्या हौसेने सहा अंडी आधीच फोडून ठेवली होती. सहा बलक मामींनी खिम्यात घातले. पण पांढऱ्याचं पुढे काय होतं, याबद्दल लेखक अवाक्षर काढत नाही. एखाद्या कादंबरीत दुसऱ्या प्रकरणात आलेली विधवा आत्या लेखक विसरून जातो, तसं. सहा अंड्यांचा पांढरा एका पातेल्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवला आहे. उद्या सोमवार, परवा मंगळवार. मामी म्हणतात, बुधवारी बघू.